इतर झुडपे

कक्ष क्रमांक दोनशे चौदा.
दोरी ताणून चौरस आखायचा, दहा मीटर बाय दहा,
सागाचा घेर मोजायचा छातीच्या उंचीवर,
मग ऐन, धावडा, लेंडिया,
आणि शेवटच्या रकान्यात, एकाच आकड्यात,
इतर झुडपे.

दोरीचं दुसरं टोक दसरू पेंदामच्या हातात.
बोरटोल्याचा. सव्वीस वर्षं वनमजूर,
हजेरीपटावर अजून पेन्सिलीनेच लिहिलेला.
रात्री बॅटरीशिवाय फिरायचा, म्हणतात.
नाल्याच्या वळणावर नाक वर करून थांबायचा
आणि गोडलिंबाच्या अंगाने वळायचा,
दिवा दिसला की आपण घराकडे वळतो तसा.

दोन वर्षांमागच्या तापाने त्याचं नाक नेलं.
आता तो मला विचारतो,
"आला का जी वास, मॅडम?"

मी अकोटकडची, काळ्या मातीतली.
आमचा गोडलिंब मोरीच्या पाण्यावर पोसलेला,
रुंद पानांचा, मवाळ,
कढीच्या वेळी हात लांबवून ओरबाडायचा.
हा इथला मुरमाचा.
सागाने पानं टाकून दिल्यावरही
गुडघ्याएवढा, हिरवा, हट्टी.
नुसती पँट घासली तरी अंगावर येतो.

"आला," मी म्हणते.
"कसा हाय?"
"फोडणीसारखा."
"तेलातला नोको सांगू जी. तेल मंग आलं.
पानातला सांग."

पानातला.
मी पेनाचं टोपण उघडं ठेवून उभी.
रंगांना केवढे शब्द आपल्याकडे,
वासाला मात्र दरवेळी दुसऱ्याच्या दारात जाऊन मागावं लागतं.
लिंबाच्या सालीसारखा, पण आंबट नाही.
थोडा तिखट.
थोडा, उन्हात तापलेल्या लोखंडी पेटीचं झाकण
आत्ताच कुणी उघडल्यासारखा.
तो मान हलवतो,
अर्ध्या गुणाचं उत्तर ऐकलेल्या मास्तरागत.
"लिहा पुढं," म्हणतो. "धावडा, चार."

एप्रिलच्या सतरा तारखेला जाळरेषा ओलांडून आग आली.
कुठून आली ते पंचनाम्यात सापडलं नाही.
ब्लोअर एकच, तोही खोकून बंद पडला.
मग हाताला येईल ती हिरवी फांदी तोडून
झोडपत राहिलो, सहा माणसं,
जमिनीवरून सरपटणाऱ्या त्या लाल काठाला.
फांद्या बहुतेक गोडलिंबाच्याच होत्या.
तेव्हा कुणी बघितलं नाही.

आणि एकाएकी वास आला,
कुणी अख्खं रान कढईत टाकावं तसा.
पण मागून.
आमच्या फांद्या समोर होत्या. वारा मागून होता.
दसरू त्याच वासात उभा राहून
शांतपणे पुढची आग मारत होता.
मी त्याचा शर्ट मुठीत धरून ओढला.
त्याने का विचारलं नाही.
नाल्यात उतरलो तेव्हा वरचं वळण पेटलेलं होतं.

पहाटे वाळूत बसून
त्याने आपली ओंजळ नाकाशी धरली, कितीतरी वेळ.
"हात वास मारत असतीन न जी?"
"हो," मी म्हटलं. "खूप."
त्याने हात वाळूत पुसले नाहीत.

तीन आठवड्यांनी पुन्हा तीच दोरी.
राख अजून बुटात शिरत होती,
पाण्याचा थेंब कुठे नव्हता,
आणि जळक्या खुंटांच्या बाजूने, मुळांतून,
तांबूस, लुसलुशीत कोंब वर आलेले.
दसरूने एक पान तोडून चावलं.
थांबला. पुन्हा चावलं.
"कडू हाय," तो म्हणाला,
आणि हसला, दात हिरवे करून,
"कडू लागून ऱ्हायलं जी मले!"
दुसरंही तोंडात टाकलं.

त्या दिवशी मी शेवटच्या रकान्यात एकच आकडा टाकला नाही.
लिहिलं : गोडलिंब, फुटवे एकोणीस.
नाल्याच्या वळणावर.

साहेबांनी समोर लाल शाईत
प्रश्नचिन्ह काढून वही परत पाठवली आहे.